सत्तर टक्के नेम आणि रडीचा डाव

मुलांनो, आधी एक गणित. घाबरू नका, पाटी-पेन्सिल लागणार नाही!

एक जादूगार आहे. तो एका दमात आगीचे तीन गोळे फेकतो. प्रत्येक गोळा शत्रूला लागण्याची शक्यता ७० टक्के. तर सांगा बघू, तीनही गोळे लागतील का?

वर्गात हा प्रश्न विचारला, की भराभर हात वर होतात. “लागतील की! सत्तर टक्के म्हणजे फर्स्ट क्लासच्या वर!”

आता खरं उत्तर ऐका. पहिला गोळा दहापैकी सात वेळा लागेल. तो लागला तरी दुसरा पुन्हा दहापैकी सातच वेळा लागेल. तिसऱ्याचंही तसंच. म्हणून सात गुणिले सात गुणिले सात, म्हणजे ३४३. हजारापैकी ३४३ वेळा तीनही गोळे लागतील. शेकड्यात सांगायचं तर फक्त ३४ टक्के! आणि तीनही हुकण्याची शक्यता? तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे २७. हजारापैकी २७ वेळा, म्हणजे शंभरात जेमतेम तीनदा.

शंभरात तीनदा म्हणजे फार कमी, नाही का? पण ही तीनदाच जगभरच्या खेळाडूंना भांडायला पुरली आहेत. कारण हा जादूगार एका कॉम्प्युटरच्या खेळातला आहे. आज त्या खेळाविषयी आणि त्याच्या भांडणाविषयी बोलू या.

खेळ आहे तरी कसा?

खेळाचं नाव ‘द बॅटल फॉर वेस्नॉथ’. वेस्नॉथ हे एका काल्पनिक राज्याचं नाव. डेव्हिड व्हाइट नावाच्या प्रोग्रॅमरने हा खेळ २००३ साली पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला, तोही फुकट. फुकट म्हणजे नुसता खेळायला फुकट नव्हे. त्याचा आतला प्रोग्रॅमसुद्धा कुणीही उघडून पाहावा, त्यात बदल करावा, दुसऱ्याला द्यावा, अशी मोकळीक आहे. मग देशोदेशीच्या हौशी लोकांनी त्यात भर घातली. कुणी चित्रं काढली, कुणी संगीत दिलं, कुणी नव्या गोष्टी लिहिल्या. जुन्या कॉम्प्युटरवरही हा खेळ चालतो, आणि एकदा भरून घेतला की इंटरनेट लागत नाही.

पडद्यावर एक नकाशा दिसतो. त्यावर मधाच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं. कुठे माळ, कुठे जंगल, कुठे डोंगर, कुठे नदी, कुठे किल्ला. आपले सैनिक एकेका घरात उभे असतात. आपली पाळी आली की आपण एकेकाला हलवायचं, वाटलं तर शेजारच्या शत्रूवर हल्ला करायचा, आणि सगळं झालं की पाळी संपवायची. मग समोरच्याची पाळी. बुद्धिबळात चालतं तसंच. गोष्टीतली मोहीम एकट्याने खेळताना मागे घड्याळ लागलेलं नसतं. दहा मिनिटं विचार करा, नाहीतर मधेच उठून पाणी पिऊन या, शत्रू आपला उभाच!

पण बुद्धिबळापेक्षा एक गोष्ट वेगळी आहे. बुद्धिबळात घोड्याने प्यादं मारलं की मेलंच. इथे तसं नाही. इथे नेम लागतो किंवा हुकतो. शत्रू कुठे उभा आहे, त्यावर ते ठरतं. एल्फ नावाचे रानात राहणारे लोक जंगलात शिरले, की त्यांच्यावर नेम लागण्याची शक्यता तीस-चाळीस टक्क्यांवर येते. ड्वार्फ नावाचे बुटके वीर डोंगरावर असले, तर तीसच टक्के. तेच ड्वार्फ मोकळ्या माळावर सापडले, तर सत्तर! जादूगाराचं मात्र वेगळं. शत्रू कुठेही लपो, त्याच्या गोळ्याला ७० टक्के ठरलेलेच.

शिवाय यात गोष्ट असते. एका मोहिमेत कॉनराड नावाचा राजपुत्र आहे. एल्फ लोकांनी त्याला लहानाचं मोठं केलं आहे, आणि डेल्फाडोर नावाचा म्हातारा जादूगार त्याचा पाठीराखा आहे. आपण कॉनराड व्हायचं आणि राज्य परत मिळवायला निघायचं. पुढे काय होतं ते सांगत नाही, नाहीतर तुम्ही मला बोल लावाल!

सैनिक लढून लढून शिकतात, वरच्या लेव्हलला जातात. या लढाईत वाचलेला सैनिक पुढच्या लढाईत २० सोन्याची नाणी मोजून परत बोलावता येतो. पण जो मेला तो गेला. तो परत येत नाही. म्हणूनच नेम हुकला की खेळाडूच्या जिवाला लागतं.

दिवस कुणाचा, रात्र कुणाची?

या खेळात सूर्य उगवतो आणि मावळतो. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्रीचा पहिला प्रहर आणि दुसरा प्रहर, अशा सहा पाळ्यांचा एक दिवस. माणसांच्या बाजूचे बहुतेक सैनिक सकाळी आणि दुपारी २५ टक्के जास्त जोराने लढतात आणि रात्री तेवढेच कमी पडतात. ऑर्क नावाचे राक्षसांसारखे शत्रू नेमके उलटे. रात्री त्यांना चेव येतो.

आता आपल्या जादूगाराकडे वळू. त्याचा एक गोळा एरवी शत्रूची ७ लाइफ कमी करतो. भर दिवसा ९ कमी करतो, आणि रात्री फक्त ५.

समजा, समोरच्या ऑर्कची ९ लाइफ शिल्लक आहेत. दुपारी हल्ला केला तर एकच गोळा लागला तरी काम झालं. तीनपैकी निदान एक लागण्याची शक्यता ९७ टक्के. हाच हल्ला रात्री केला तर? एका गोळ्याला ५, म्हणजे दोन गोळे लागायलाच हवेत. ती शक्यता ७८ टक्के. आणि ऑर्कची ११ लाइफ असतील, तर रात्री तीनही गोळे लागावे लागतील. म्हणजे आपले मघाचे ३४ टक्के!

पाहिलंत? जादूगार तोच, गोळे तेच, नेम तोच ७० टक्क्यांचा. फक्त वेळ बदलली, आणि ९७ चे ७८ झाले. दोनच लाइफचा फरक पडला, आणि ७८ चे ३४ झाले. नेम लागणं-हुकणं आपल्या हातात नाही. पण कधी, कुठे आणि कुणावर हल्ला करायचा, हे पुरतं आपल्या हातात आहे. हल्ला करण्याआधी खेळ ही सगळी शक्यता मोजूनही दाखवतो. तिकडे न पाहताच बटण दाबणारे वीर पुष्कळ, ही गोष्ट वेगळी!

खेळाडू काय म्हणतात?

वेस्नॉथविषयी खेळाडूंची जुनी आणि नेहमीची तक्रार एकच: “यात नशीब फार आहे!” एक बाजू म्हणते, आम्ही डोकं खाजवून बेत आखतो, सत्तर टक्क्यांचा नेम तीनदा हुकतो आणि सगळ्यावर पाणी पडतं. मग डोकं चालवायचं कशाला? दुसरी बाजू म्हणते, नेम हुकेल हे धरूनच बेत आखायचा असतो. जादूगार हुकला तर त्याच्या शेजारी भालेवाला हवा. तोही हुकला तर मागे हटायला वाट हवी. एकाच नेमावर सगळी लढाई टांगून ठेवली असेल, तर तो बेत कसला?

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर शेजारच्या चार मुलांनी हा खेळ पाळीपाळीने खेळून पाहिला. मी त्यांना म्हटलं, मत तोंडी सांगू नका, वहीत लिहा. त्यांची मतं तुम्हांलाही ऐकवते.

आठवीतल्या मुलाने लिहिलं, ‘खेळ हळू आहे. मोबाइलवर पाच मिनिटांत शंभर गोळ्या सुटतात. इथे एक गोळा टाकायला पाच मिनिटं.’ आणि गंमत अशी, की तिसऱ्या दिवशी तोच बाकीच्यांना दटावत होता, “गप बसा रे, मोजू द्या!”

हळू आणि जलद यांत चांगलं-वाईट काही नाही, दोन्हींची मजा निराळी. आपल्या पुण्यात नोडिंग हेड्स गेम्स या कंपनीने बनवलेला ‘राजी’ हा खेळ २०२० साली आला. राजी नावाची मुलगी हरवलेल्या भावाला, गोलूला शोधायला निघते आणि असुरांशी लढते. त्यातले महाल आणि चित्रं पाहून देशोदेशीचे खेळाडू खूष झाले. ‘लवकर संपला हो!’ अशी तक्रारही अनेकांनी केली. पण राजीला बोटांची चपळाई लागते. असुर थांबून राहत नाहीत. वेस्नॉथला चपळाई लागत नाही, धीर लागतो.

सहावीतल्या मुलीला लढणाऱ्यांपेक्षा एल्फ लोकांची वैदूबाई आवडली. ती शेजारी उभी राहिली की जखमी सैनिक दर पाळीला थोडा बरा होतो. खेळात सैनिकांची नावं बदलता येतात. हिने आपल्या सगळ्या सैनिकांना गल्लीतल्या मुलांची नावं देऊन टाकली! मग काय, एकालाही मरू देईना. जखमी झाला की लगेच मागच्या गावात. गावात एक पाळी काढली की ८ लाइफ भरून येतात. तिने लिहिलं, ‘मला जिंकायची घाई नाही. सगळे घरी आले पाहिजेत.’

सातवीतल्या मुलाच्या जादूगाराचे तीनही गोळे हुकले आणि त्याने कपाळावर हात मारला, “मॅडम, मना नशीबच खोटं से!” मी त्याला म्हटलं, “असेल बाबा. पण मोजून पाहू.” वहीत दोन रकाने आखले, ‘लागला’ आणि ‘हुकला’. प्रत्येक गोळ्याला एक रेघ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही पाहिली, तर ‘लागला’च्या रेघा कितीतरी जास्त! त्याचा विश्वासच बसेना. हुकलेले गोळे त्याला एकूण एक आठवत होते. लागलेले मात्र तो विसरून गेला होता.

आणि पाचवीतला सगळ्यांत धाकटा? त्याचं मत एकाच ओळीचं होतं: ‘हरलो तर परत मागून लोड करायचं.’ या ओळीवर आपल्याला थोडं थांबायला हवं.

रडीचा डाव

लगोरी खेळताना, गोट्या खेळताना कुणी आउट झालं आणि “नाही, नाही, मी तयारच नव्हतो, पुन्हा!” म्हणालं, तर आपण काय म्हणतो? रडीचा डाव!

कॉम्प्युटरच्या खेळात रडीचा डाव फार सोपा आहे. वेस्नॉथ प्रत्येक पाळीला खेळ आपोआप सेव्ह करून ठेवतो. वीज गेली तर खेळ वाया जाऊ नये, म्हणून ही सोय चांगलीच. पण गोळा हुकला की मागची पाळी उघडायची आणि पुन्हा फेकायचा. पुन्हा हुकला? पुन्हा उघडायचं. असं करत करत तीनही गोळे लागेपर्यंत बसायचं. अशाने लढाई जिंकता येते. पण जिंकलं कोण? खेळाडू की लोडचं बटण?

याबाबतही खेळाडूंत दोन तट आहेत. काही म्हणतात, ‘खेळ माझा, वेळ माझा, तुमचं काय जातं?’ त्यांचं म्हणणंही अगदी चूक नाही. नवीन शिकताना एखादी लढाई पुन्हा खेळून पाहिली, तर आपण कुठे घसरलो ते कळतं. दुसरे म्हणतात, ‘हुकलेला नेम पुसून टाकायची सवय लागली, की हुकल्यावर काय करायचं हे कधीच शिकता येत नाही. आणि खरी मजा तर तिथेच आहे.’

हा वाद फार जुना आहे. जपानमध्ये १९९० साली ‘फायर एम्ब्लेम’ नावाची याच जातीच्या खेळांची मालिका सुरू झाली. तिच्यातही मेलेला सैनिक परत येत नसे. खेळाडूंना आपले सैनिक इतके प्रिय होत, की एक जण मेला तरी कितीतरी जण सगळी लढाई पहिल्यापासून खेळत. अखेर २०१० सालच्या खेळात निर्मात्यांनी एक सोपा प्रकार दिला. त्यात पडलेला सैनिक पुढच्या लढाईत परत येतो. काहींना ते आवडलं. काही म्हणाले, ‘अरे, मग जपून खेळायचं कशाला?’

आकडा खरा की गोड?

आता एक गुपित सांगते. काही खेळ आपल्याला खरा आकडा दाखवतच नाहीत!

२००२ सालापासून ‘फायर एम्ब्लेम’च्या अनेक खेळांत अशी युक्ती केलेली आहे. पडद्यावर ९० टक्के दिसतात, पण आत कॉम्प्युटर एकाऐवजी दोन संख्या काढतो आणि त्यांची सरासरी धरतो. त्यामुळे ९० टक्क्यांचा नेम प्रत्यक्षात ९८ टक्के वेळा लागतो. ७० चा सुमारे ८२ टक्के वेळा. आणि ३० चा? फक्त १८ टक्के वेळा! म्हणजे जिथे आशा जास्त तिथे ती आणखी वाढवायची, आणि जिथे कमी तिथे आणखी कमी करायची.

असं का केलं असेल? आपलं मनच तसं आहे, म्हणून. ‘नव्वद टक्के’ ऐकलं की आपण मनात ‘शंभर’ लिहून टाकतो, आणि ‘तीस टक्के’ ऐकलं की शून्य. सिड मायर हे ‘सिव्हिलायझेशन’ या १९९१ सालच्या प्रसिद्ध पाळीपाळीच्या खेळाचे निर्माते. २०१० साली अमेरिकेत खेळ बनवणाऱ्यांची मोठी परिषद झाली, तिथे त्यांनी अशीच गंमत सांगितली होती. तीनास एक अशी आपली बाजू भक्कम असताना खेळाडू हरला, की तो तक्रार करायचा, ‘हे कसं शक्य आहे? तीन केवढे मोठे!’ खरं तर तीनास एक म्हणजे चारात एकदा हार ठरलेलीच. पण एकास तीन अशी दुबळी बाजू असताना तोच खेळाडू जिंकला, तर तक्रार नाही! शेवटी त्यांनी खेळाडूंच्या मनासारखं व्हावं, म्हणून खेळातच बदल केले.

आपल्याकडे तरी काय वेगळं असतं? पेपर चांगला गेला तर ‘मी अभ्यास केला’. वाईट गेला तर ‘पेपरच अवघड काढला’!

वेस्नॉथने मात्र साधा नियम ठेवला आहे. ७० म्हणजे ७०, गोड करून सांगणं नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत मोहीम सुरू करताना नशिबाचे हेलकावे थोडे कमी करण्याची सोय दिली आहे. पण ती उघड दिली आहे, खेळाडूने विचारपूर्वक निवडायची. गुपचूप नाही.

माझं मत विचाराल तर मला खरा आकडा आवडतो. गोड आकड्याने आज हसू येतं, पण त्या हिशेबाची सवय लागली की बाहेरच्या जगात फसगत होते.

फासे, बुद्धिबळ आणि पेरणी

आपल्याकडचे खेळ आठवून पाहा. महाभारतातलं द्यूत आठवा. धर्मराज हरत गेला आणि पुढचा पण लावत गेला. शकुनीचं कपट होतंच. पण समजा, फासे सरळ असते, तरी ‘इतक्यांदा हरलो, आता तरी माझं दान पडेल’ हा विचार चुकीचाच ठरला असता. फाशांना मागचं काही आठवत नाही. दहा गोळे हुकले तरी अकरावा ७० टक्क्यांचाच.

बुद्धिबळ याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे फासे नाहीत. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमी गावी कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा पटावर फाशाचं एकही दान पडलं नव्हतं. सगळी चाल डोक्याची.

मग वेस्नॉथ कुठे बसतो? बरोबर मधे. आणि मला वाटतं, आपलं आयुष्यही असंच मधे कुठेतरी बसतं.

आपल्या भडगाव तालुक्यातला कोरडवाहू कापूस पाहा. मृगाचा पहिला पाऊस पडला, की पेरायचं की थांबायचं? लवकर पेरलं आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणी. बियाण्याचा खर्च पुन्हा, मजुरी पुन्हा. उशीर केला तर हंगाम हातचा जातो. पाऊस शेतकऱ्याच्या हातात नाही. पण जमिनीत ओल किती उतरली हे उकरून पाहणं, सगळं रान एका दिवशी न पेरणं, थोडं बियाणं मागे ठेवणं, एका पिकावर सगळा भार न टाकणं, हे त्याच्या हातात आहे. जादूगाराच्या शेजारी भालेवाला उभा करणं म्हणतात ते हेच!

एवढं करूनही एखादं साल कोरडं जातं. तेव्हा बांधावर बसलेल्या माणसाला मागची पाळी लोड करता येत नाही. आणि तेव्हा ‘तुझा बेतच चुकला’ असं त्याला म्हणणंही अन्यायाचं. बेत चांगला असूनही दान उलटं पडू शकतं. तसंच, वेडावाकडा बेत करूनही एखादा जिंकतो, म्हणून तो शहाणा ठरत नाही. ‘काय झालं’ आणि ‘कसं ठरवलं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निकाल लागला की आपण पहिलाच विचारतो. दुसराही विचारायला शिकायचं.

सातवीतल्या त्या मुलाशी आम्ही हाच खेळ खेळलो. लढाई हरला की दोन प्रश्न. एक, तुझी चाल पुन्हा करायची झाली तर तीच करशील का? दोन, हुकलं तर काय करायचं, हे आधी ठरवलं होतंस का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचंही ‘हो’ असेल, तर हार झाली तरी पाठ थोपटायची. नसेल, तर नशिबाला बोल लावायचा नाही.

करून पाहा

कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. दहा चिंचोके घ्या. तिघांवर चुन्याने ठिपका द्या आणि सगळे एका डब्यात टाका. डोळे मिटून एक काढा. ठिपका नसेल तर नेम लागला, असेल तर हुकला. चिंचोका परत डब्यात टाका, डबा हलवा. असं तीनदा काढलं की एक हल्ला झाला.

चार जण बसा, प्रत्येकाने दहा हल्ले करा, म्हणजे एकूण चाळीस. वहीत लिहा: किती हल्ल्यांत तीनही लागले, किती हल्ल्यांत तीनही हुकले. चाळीस हल्ल्यांत एकदा तरी तीनही हुकण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के आहे, म्हणजे तीनात दोनदा! सुरुवातीला जे ‘शंभरात तीनदा’ इतकं लहान वाटलं होतं, ते असं गाठतं. ज्याच्या वाट्याला ते येईल, त्याला ‘पनवती’ म्हणून चिडवायचं नाही हं. कुणाच्याही वाट्याला ते येऊ शकलं असतं.

मोठ्यांसाठी चार शब्द

पालकांनो, मुलं खेळतात म्हणून सरसकट रागावू नका, आणि सरसकट हाती देऊनही मोकळे होऊ नका. वेस्नॉथमध्ये लढाई आहे, सैनिक मरतात. अगदी लहान मुलांनी तो मोठ्यांबरोबर बसून खेळावा. खेळ अधिकृत ठिकाणाहूनच भरून घ्या. इंटरनेटवर अनोळखी लोकांशी खेळण्याची सोयही त्यात आहे. मुलांनी सुरुवातीला एकट्याने खेळायच्या मोहिमाच खेळाव्यात. आणि पाळीपाळीच्या खेळाचा एक फायदा लक्षात ठेवा. “जेवायला ये” म्हटल्यावर “आत्ता मेलो असतो ना!” हे कारण इथे चालत नाही. डाव आहे तिथे थांबतो.

पैसे लावायचे खेळ मात्र पूर्ण वेगळे. २०२५ साली संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण कायद्याच्या आधी घरातच मुलांना ‘फाशांना मागचं आठवत नाही’ हे कळलेलं असावं. चिंचोक्यांनी ते फुकटात कळतं.

आणि एक विनंती. मूल हरून आलं, खेळात किंवा परीक्षेत, तर ‘नशीबच फुटकं’ म्हणू नका आणि लगेच ‘तुझंच चुकलं’ही म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, “तू कसं ठरवलं होतंस?” मूल सांगू लागेल.

मुलांनो, आता तुमची पाळी. नेम हुकल्यावर मागची पाळी लोड करणं हा रडीचा डाव की शिकण्याची युक्ती? खेळाने खरा आकडा दाखवावा की गोड? तुमचं मत कारणासकट आम्हांला लिहून पाठवा. चाळीस हल्ल्यांचे आकडेही पाठवा, पण जसे पडले तसेच. गोड करून नाही!